तिथलच्या घरासाठी कंपोझिट डेक: फळी कोणती, सांगाडा कशाचा?

दांडियाबाजारकर

नमस्कार मंडळी. आम्ही राहतो बडोद्यात, पण वलसाडजवळ तिथलला घर आहे, समुद्रापासून साधारण 250 मीटरवर. पश्चिमेच्या भिंतीला लागून 20 बाय 12 फुटांचा कोबा आहे. त्याला बाहेरच्या बाजूला उतार आहे आणि कुठे चिरा नाहीत. त्यावर लाकडासारखा दिसणारा डब्ल्यूपीसीचा (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेल्या फळ्यांचा) डेक करायचा आहे.

तिकडच्या कारागिराने दिलेलं कोटेशन असं: 25 मिमी पोकळ फळी, खाली 50 बाय 25 चे लोखंडी बॉक्स पाइप रेड ऑक्साइड मारून, दर 2 फुटांवर एक, आणि ‘एसएस स्क्रू’, म्हणजे स्टेनलेस स्टीलचे. भाव चौरस फुटावर, सांगाड्यासकट. इथे बडोद्यात प्लायवूडच्या दुकानात चौकशी केली तर त्यांनी डब्ल्यूपीसी म्हणून 18 मिमीचं पांढरं शीट काढून दाखवलं. हे पाण्यात सडत नाही म्हणाले.

फळी पोकळ घ्यावी की भरीव? लोखंडी सांगाडा रंग मारून टिकेल का? आणि माल बडोद्याहून न्यायचा तर किती न्यायचा?

खारा_वारा

ते पांढरं शीट आधी बाजूला ठेवा. तो पीव्हीसी फोम बोर्ड आहे, स्वयंपाकघरातल्या कपाटांना नि बाथरूमच्या दाराला ठीक. बाजारात दोन्हींना डब्ल्यूपीसीच म्हणतात, म्हणून हा घोळ. डेकची फळी म्हणजे लाकडाचा भुसा आणि एचडीपीई हे प्लास्टिक एकत्र वितळवून साच्यातून काढलेली जड वस्तू. फोमचं शीट उन्हात मऊ पडतं आणि ओलं झालं की त्यावर पाय घसरतो.

फळी भरीवच घ्या. पोकळ फळीच्या नळ्यांत टोकाकडून पाणी शिरतं, आणि टोकाला प्लास्टिकची टोपी बसवली तरी ते आत अडकून राहतं. वलसाडकडे पाऊस बडोद्याच्या दुपटीच्या आसपास पडतो, वर खारा दमटपणा. आत बुरशी धरते, मुंग्या घर करतात. शिवाय जड कुंडीचा किंवा खुर्चीचा पाय नेमका फळीच्या आतल्या दोन पडद्यांच्या मधे आला की वरचा पापुद्रा खचतो. ज्यांनी पोकळ आधीच घेतली आहे त्यांनी निदान खालच्या बाजूने प्रत्येक नळीला निचऱ्याचं भोक पाडावं.

दुसरी निवड कॅपची. साध्या फळीत भुसा उघडा असतो. पहिल्या काही महिन्यांत तिचा रंग उतरतो, मग स्थिरावतो, पण तेलाचा डाग पडला की तो मुरतो. कॅप असलेल्या फळीवर कारखान्यातच प्लास्टिकचं कवच चढवलेलं असतं. ते तीन बाजूंना आहे की चारही, हे विचारा. तुमचा डेक जमिनीलगत आहे, खाली वारा कमी, म्हणून चारही बाजूंचं कवच घ्या. दुकानदार ‘कॅप आहे’ एवढंच सांगतो. तुम्ही नमुन्याचं कापलेलं टोक बघा. कवच कडेला आणि कडेतल्या क्लिपच्या खाचेतही सारख्या जाडीचं, गाभ्याला एकजीव चिकटलेलं हवं. नखाने उचकटलं तर परत द्या.

घरच्या घरी करण्यासारखी परीक्षा: 30 सेंमीचा तुकडा मागून आणा आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर वजन करा. 140 बाय 25 मिमीची भरीव फळी असेल तर सुमारे 1350 ग्रॅम भरतं. चोवीस तास पाण्यात बुडवून ठेवा, पुसून पुन्हा तोला. 13-14 ग्रॅम वाढ म्हणजे एक टक्का. भरीव, घट्ट गाभ्याची फळी साधारण दीड टक्क्याच्या आत राहायला हवी. तुकडा फुगला, टोक खरखरीत झालं, तर भुसा जास्त आणि प्लास्टिक कमी. सोबत ईएन 15534 प्रमाणे केलेला चाचणी अहवाल मागा. हे डब्ल्यूपीसीचं युरोपीय मानक आहे, आणि चांगल्या उत्पादकाकडे तो अहवाल असतो.

रंग फार गडद नको. पश्चिमेचं ऊन दुपारभर झेलणाऱ्या चॉकलेटी फळीवर मे महिन्यात अनवाणी उभं राहवत नाही.

मकरपुरा_फॅब

फळीबद्दल वर नीट लिहिलंय. पण डेक बिघडतो तो खालून.

लोखंडी बॉक्स पाइपला रेड ऑक्साइड बाहेरून लागतो, आत कोण मारणार? खारी हवा आत जाते, रात्री दव धरतं आणि पाइप आतून कुजतो. वरून रंग शाबूत दिसतो आणि एक दिवस स्क्रूभोवती पत्रा फाटतो. जीआय (जस्त चढवलेला) पाइपही वाचत नाही: कापलेलं टोक आणि स्क्रूचं प्रत्येक भोक म्हणजे जस्त निघालेली जागा. समुद्रापासून 250 मीटरवर लोखंडाचा विचारच नको. डब्ल्यूपीसीचे जॉइस्ट (फळ्यांखालचे सांगाड्याचे आडवे दांडे) सुचवतील, तेही नको, ते वाकतात.

अ‍ॅल्युमिनियम घ्या: 6063 टी6 ग्रेडचा, 50 बाय 25 चा बॉक्स, जाडी 2 मिमी, पावडर कोट किंवा अ‍ॅनोडाइझ केलेला. 1.2 मिमीचा स्वस्त सेक्शन गळ्यात मारतील, त्यात स्क्रूचे आटे धरत नाहीत. माल किलोवर विकतात आणि 2 मिमीचा हा बॉक्स मीटरला पाऊण किलोच्या थोडा वर जातो. एक 12 फुटी नळी पावणेतीन किलोच्या आसपास भरली नाही तर जाडीत कमी आहे असं समजा.

अ‍ॅल्युमिनियम थेट कोब्यावर टेकवू नका. ओल्या सिमेंटचा क्षार त्याला खातो. खाली दर 50 सेंमीवर 10 मिमी जाड ईपीडीएम रबराची चकती ठेवा. पाइप उभा, म्हणजे 50 मिमी उंची. चकतीसकट खाली 60 मिमी पोकळी मिळते. त्याहून कमी करू नका. कोब्याला धरायला एल ब्रॅकेट आणि एसएस 316 चे अँकर. ब्रॅकेटमधलं भोक लांबट ठेवा, कारण पाइपही तापून वाढतो. हाच डेक गच्चीवर असता तर अँकरसाठी स्लॅबला भोक पाडू नका, उंची बदलणारे पेडेस्टल लावा असं सांगितलं असतं.

आता ‘एसएस स्क्रू’. बाजारात 202 हा हलका ग्रेडसुद्धा एसएस म्हणून खपतो. किनाऱ्यावर 304 वरही तांबूस डाग येतात. 316 मध्ये मॉलिब्डेनम असतं, मीठ सोसण्याची ताकद त्याचीच. लोहचुंबक लावून 304 की 316 ते कळत नाही, कुणी तसं पटवत असेल तर हसून सोडून द्या. बिलावर ग्रेड लिहून घ्या. खात्री हवी तर बडोद्यातल्या मकरपुरा जीआयडीसी औद्योगिक वसाहतीत धातू तपासणारे आहेत, मशिनच्या बंदुकीने मिनिटात ग्रेड सांगतात.

आणि एक सापळा: सेल्फ-ड्रिलिंग, म्हणजे स्वतःच भोक पाडणारे स्क्रू. स्टेनलेसमधले बहुतेक सेल्फ-ड्रिलिंग 410 चे असतात, टोक कडक राहावं म्हणून. ते पहिल्याच पावसाळ्यात गंजतात. कारागिराला ते सोपे पडतात, म्हणून सांगूनही तेच वापरतो. साधे 316 चे 8 नंबर, 25 मिमी स्क्रू द्या आणि आधी 3.5 मिमीच्या बिटने भोक पाडायला लावा. इम्पॅक्ट मशिन नको, ड्रिलचा क्लच हलका ठेवून कसा. 316 मऊ असतो, आटे चावून मुंडी तुटते. अ‍ॅल्युमिनियमच्या मोठ्या अंगावर लहानसा स्टेनलेस स्क्रू चालतो, पण भोकात न्यूट्रल सिलिकॉनचा थेंब टाका. व्हिनेगरचा वास येणारा सिलिकॉन नको, त्यातलं अ‍ॅसिड धातूला लागतं.

गुण्या_ओळंबा

आकडे मांडतो. फळी 140 मिमी रुंद, 2.9 मीटर लांब धरली आहे. तुमचा कोबा 6.1 बाय 3.66 मीटर.

लांबीत दोन फळ्या, मधे 6 मिमी फट, म्हणजे 5.806 मीटर. उरले सुमारे 29 सेंमी. तेवढ्यासाठी तुकडे जोडू नका. कुठलाही तुकडा निदान तीन जॉइस्टवर टेकला पाहिजे, नाहीतर तो डुगडुगतो. डेक 5.8 चाच करा आणि दोन्ही टोकांना उरलेल्या पट्टीत गोटे भरा. रुंदीत 25 ओळी आणि मधे 24 फटी प्रत्येकी 5 मिमी, एकूण 3.62 मीटर. भिंतीपासून 10 मिमी सोडून समोर पट्टी लावायला जागा उरते.

फळ्या 50 लागतात, 53 न्या. जॉइस्ट 2 फुटांवर अजिबात नाही. एवढ्या अंतरावर फळी पावलागणिक लचकते, आणि उन्हात तापलेली असताना वजन राहिलं की कायमची झोळ धरते. प्रत्येक 2.9 च्या फळीखाली 10 जॉइस्ट, साधारण 32 सेंमीवर एक. मधल्या सांध्याखाली दोन पाइप शेजारी शेजारी, मधे 15 मिमी सोडून, म्हणजे दोन्ही फळ्यांच्या टोकांना आपापला आधार आणि आपापली क्लिप (फळीच्या कडेच्या खाचेत बसून तिला जॉइस्टला धरणारी). एकूण 20 पाइप. 12 फुटी नळी जवळजवळ अख्खी वापरात येते, तुकडे वाया जात नाहीत. क्लिप 480, भिंतीकडच्या पहिल्या ओळीला सुरुवातीच्या (स्टार्टर) क्लिप 20, मिळून 550 घ्या. रबर चकत्या 180.

वजन: फळी 13 किलोची, 53 फळ्या म्हणजे 700 किलो. छोट्या हत्तीच्या हौद्याबाहेर लोंबवू नका, फळ्या मधे वाकतात. 10 फुटी हौद्याचा टेम्पो करा, माल सपाट ठेवा.

प्रसरण: घाईत बसवलेले डेक इथेच उखडतात. लांबीची वाढ मीटरला दर अंशामागे 0.04 मिमी धरा. जानेवारीत 25 अंशांना बसवलेली फळी मेच्या उन्हात 65 पर्यंत गेली तर 2.9 मीटरची फळी साडेचार मिमीहून जास्त वाढते. म्हणून थंडीत टोकाला 6 मिमी, म्हणजे दोन सूत. भर उन्हाळ्यात बसवलं तर एक सूत पुरतं. फट न ठेवता टोकं भिडवली की फळी कमान होऊन उठते आणि क्लिप उपटते. प्रत्येक फळी मध्यावरच्या एका जॉइस्टला खाचेच्या खालच्या ओठातून एका स्क्रूने पक्की करा, बाकी क्लिपांत मोकळी. हा मधला स्क्रू नसला तर वर्षभरात फळ्या एका बाजूला सरकत जातात आणि एका सांध्याला बोटभर फट, दुसऱ्याला शून्य.

माल जागेवर सावलीत एक-दोन दिवस राहू द्या, मग कापा.

खारा_वारा

गुण्याभाऊ, आकडे पटले, दिशा नाही. तुम्ही फळ्या भिंतीला समांतर टाकल्या. म्हणजे खोबणी उताराला आडव्या. रेघांची फळी असेल तर प्रत्येक रेघेत पाणी नि खारट गाळ साठणार. बहुतेक उत्पादक फळी उताराच्या दिशेने टाकायला सांगतात.

गुण्या_ओळंबा

रेघांची फळी असेल तर तुमचं बरोबर. पण मग जॉइस्ट उताराला आडवे येतात आणि कोब्यावरचं पाणी, पानं, वाळू त्यांना अडते. तिथलची काळी बारीक वाळू चकत्यांमधली जागा बघता बघता बुजवते. माझ्या मांडणीत जॉइस्ट उताराच्या दिशेने आहेत, खालून वारा आणि पाणी सरळ बाहेर. म्हणून फळी लाकडाच्या नक्षीची, रेघा नसलेली घ्यावी, आणि वरचं पाणी 5 मिमीच्या फटींतून खाली जाऊ द्यावं. जमिनीलगतच्या डेकला खालचा निचरा जास्त महत्त्वाचा, असं माझं मत.

दांडियाबाजारकर

फारच उपयोगी, आभार. दोन शंका. समोरची कड पट्टीने पूर्ण बंद करू का? खाली साप-उंदीर जातील अशी घरच्यांना धास्ती आहे. आणि भिंतीला मोठी सरकती काच आहे, डेकवर तिचं ऊन परावर्तित होतं. त्याने काही बिघडतं का?

मकरपुरा_फॅब

कड बंद केलीत तर खाली दमट हवा कोंडते. फळी खालून ओली, वरून तापलेली राहते आणि कडा वर करून वाटीसारखी होते. पट्टी कोब्यापासून 30 मिमी वर संपवा आणि त्या फटीत 316 ची 6 मिमी जाळी लावा. दोन्ही टोकांनाही तसंच. एक टोक उघडं नि दुसरं बंद, तर वारा फिरत नाही.

काच साधी असेल तर काळजी नको. उष्णता परतवणारा लेप असलेली काच असेल तर तिच्यावरून एकाच जागी पडलेलं ऊन फळीला पोळतं, विशेषतः काच थोडी आत वाकलेली असली की. दुपारी तीन-चारला त्या झळाळत्या पट्ट्यावर हात ठेवून पाहा. बाकी डेकपेक्षा ठळक गरम लागला तर बाहेरून जाळीचा पडदा लावा.

खारा_वारा

देखभालीचं राहिलं. पावसाळा सोडून महिन्यातून एकदा गोड्या पाण्याने डेक धुवा, फटींत पाण्याचा पाइप धरून खालची वाळूही काढा. प्रेशर वॉशर वापरलात तर पंख्यासारखा फवारा ठेवा, फूटभर लांबून. रबराच्या पाठीचे पायपुसणे डेकवर ठेवू नका, त्याचा डाग कवचातही उतरतो. कुंड्या पायांच्या स्टँडवर ठेवा.

आणि काम सुरू करण्याआधी सीआरझेडची (किनाऱ्यालगतच्या बांधकामावरच्या नियमांची) चौकशी करा. भरतीरेषेपासून 500 मीटरच्या आत आहात. आहे त्या कोब्यावरचं काम असलं तरी पंचायतीत विचारून ठेवलेलं बरं. कारागिराकडून नवं कोटेशन घ्याल तेव्हा फळी, सांगाडा आणि स्क्रू-क्लिप यांचे भाव वेगवेगळे मागा. सगळं चौरस फुटात बांधून दिलं की 316 चं 202 कधी झालं ते कळत नाही.