बिनवायरच्या इअरबड्समध्ये तंबोऱ्याची जवारी नीट ऐकू येते का?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे. फोंडा-पणजी बसमध्ये रोज गाणं ऐकतो, बहुतेक वेळा अभिषेकीबुवा. नव्या फोनला ३.५ मिमी जॅक नाही, म्हणून इअरबड्स घेतले. बसची घरघर दबते, हे मोठंच सुख! पण तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो गुंजणारा झणकार, बोथट वाटते. जुन्या वायरवाल्या इअरफोनमध्ये ती कशी लख्ख ऐकू यायची.

सीडीचा आवाज सेकंदाला १,४११ किलोबिट, ब्लूटूथवर एलडॅक हा कोडेक (आवाज दाबून पाठवायची पद्धत) जास्तीत जास्त ९९०, तेही सिग्नल चांगला असेल तर, एवढं समजलंय. माझे इअरबड्स एसबीसी-एएसी या दुसऱ्या कोडेकवाले. एलडॅकवाले घेतले तर जवारी परत येईल, की हा फरक कानातल्या रबरी टोप्या नीट न बसल्याचा? की फोनला टाइप-सी डॅक (डिजिटल आवाज वायरच्या इअरफोनसाठी बदलून देणारा छोटा जोड) लावून जुनेच वापरू? दोन्ही ऐकलेल्यांनी कृपया सांगा. बजेट पाच हजार.