उबंटूवर सीएच३४० बोर्डाचा पोर्ट दिसत नाही, आणि सगळ्या सूचना विंडोजच्याच

सर्किटवेडा:
लॅबमध्ये उबंटू २२.०४ (लिनक्स) आहे आणि बोर्ड अर्दुइनो उनोचा सीएच३४० चिपवाला क्लोन. ही चिप बोर्डाला यूएसबीतून कॉम्प्युटरशी जोडते. आयडीईत (प्रोग्राम लिहून बोर्डावर चढवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) पोर्ट येतच नाही. जिथे बघावं तिथे एकच उत्तर: ड्रायव्हर टाका, डिव्हाइस मॅनेजरमध्ये कॉम पोर्ट बघा. लिनक्ससाठी हा ड्रायव्हर आणायचा कुठून? लॅबसाठी सूचनापत्रकही करायचंय.

जुनाकर्नल:
कुठूनही आणू नका. लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, सीएच३४१ नावाचं मॉड्यूल (ड्रायव्हर) असतंच, तेच सीएच३४० पण चालवतं. कंपनीचा सोर्स घेऊन कंपाइल केलात, तर कर्नल बदललं की पुन्हा तेच करत बसाल.
बोर्ड लावून टर्मिनलमध्ये एलएसयूएसबी (lsusb, जोडलेल्या यूएसबी यंत्रांची यादी) चालवा. १ए८६:७५२३ हा चिपचा क्रमांक दिसला नाही तर आधी केबल बदला. नुसत्या चार्जिंगच्या केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात. दिसला, तर सुडो डीमेसेज -डब्ल्यू (sudo dmesg -w, कर्नलचे संदेश दाखवणारी आज्ञा) चालू ठेवून बोर्ड काढून परत लावा. टीटीवाययूएसबी० (ttyUSB0, बोर्डाचा पोर्ट) जोडला जाऊन लगेच तुटला आणि तिथेच बीआरएलटीटीवाय (brltty) हे नाव आलं, तर चोर सापडला. हा ब्रेल डिस्प्लेचा, म्हणजे अंधांना बोटांनी वाचता येणाऱ्या पडद्याचा प्रोग्राम. एका ब्रेल यंत्राचा यूएसबी क्रमांकही हाच आहे, म्हणून तो तुमचा बोर्ड बळकावतो. सुडो ॲप्ट रिमूव्ह बीआरएलटीटीवाय (sudo apt remove brltty) करून तो काढून टाका, बोर्ड परत लावा.

खडूफळा:
थांबा, काढून टाकण्याआधी लॅबमध्ये कोणी ब्रेल डिस्प्ले वापरतं का ते विचारा. वापरत असेल तर त्या व्यक्तीचा कॉम्प्युटरच बंद पाडल्यासारखं होईल. त्याऐवजी यूडेव्हच्या (यंत्र जोडलं की काय करायचं ते ठरवणाऱ्या भागाच्या) नियमांतली ८५-बीआरएलटीटीवाय (85-brltty.rules) फाइल ईटीसीखालच्या यूडेव्ह रूल्स फोल्डरमध्ये (/etc/udev/rules.d) त्याच नावाने कॉपी करा आणि तिथे १ए८६/७५२३ च्या ओळीच्या सुरुवातीला हॅश (#) लावा, म्हणजे ती ओळ बंद होते. मूळ फाइलला हात लावलात तर पुढच्या अपडेटला बदल पुसला जातो.

जुनाकर्नल:
बरोबर, हाच मार्ग चांगला.

तारजोडणी:
पोर्ट दिसूनही अपलोडला ‘परमिशन डिनाइड’ आलं, तर आपलं खातं डायलआउट (dialout) ग्रुपमध्ये, म्हणजे पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या गटात घाला (आर्च लिनक्सवर तो ग्रुप यूयूसीपी, uucp) आणि पूर्ण लॉगआउट करा. नुसतं टर्मिनल बंद करून भागत नाही. पोर्टवर सीएचमॉड ६६६ (chmod 666, सगळ्यांना वाचण्या-लिहिण्याची परवानगी) करायला सांगणारे बरेच भेटतील. बोर्ड काढून लावला की पोर्टची फाइल नव्याने बनते आणि ती परवानगी जाते.
लॅबसाठी सूचनापत्रक करताय तर डिव्हाइस मॅनेजरपासून सुरुवातच करू नका. विंडोजवर अडचण असली तर ती बहुतेकदा ड्रायव्हरची, लिनक्सवर ड्रायव्हर असतो पण परवानगी नसते किंवा दुसरंच कोणी पोर्ट धरून बसलेलं असतं. म्हणून आधी विचारा: चिप दिसली का, पोर्ट बनला का, तो उघडता येतो का. कुठल्या सिस्टमवर ते कसं बघायचं, हे प्रत्येक प्रश्नाखाली लिहा.