मदत हवी आहे : लॉ कॉलेजचं ऋण फेडायचं आहे, पदक ठेवू की नव्या वकिलांच्या पहिल्या वर्षाला हात देऊ? (गोवा)

नमस्कार मंडळी,

मी गोव्यात दिवाणी वकिली करते, २६ वर्षं झाली. माहेर सत्तरी तालुक्यातलं. माझ्याआधी आमच्या घरातली माणसं कोर्टाची पायरी चढली ती पक्षकार म्हणून, मुंडकाराच्या (भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या, जमिनीत घर करून राहणाऱ्याच्या) दाव्यात. मी लॉ केलं ते पहाटेची कदंबा बस पकडून, वाळपई ते पणजी रोज जाऊन-येऊन.

यंदा ६ लाख रुपये बाजूला काढले आहेत आणि शनिवारची दुपार मोकळी ठेवली आहे. दोन्ही माझ्या कॉलेजसाठी. कसं द्यावं यावर अडले आहे. इथे प्राध्यापक, वकील, ट्रस्ट चालवणारी मंडळी आहेत, म्हणून विचारते.

पहिला विचार सुवर्णपदकाचा होता. आमचे एक सर होते, आता हयात नाहीत. मला वकिलीची सनद मिळाली तेव्हा गाऊन शिवायला पैसे नव्हते. सरांनी त्यांचा जुना गाऊन दिला. खांद्यांवर काळा रंग विटून तपकिरी झालेला, आतल्या खिशात धुऊन घडी घातलेले गळ्याला लावायचे पांढरे बँड. बाह्या लांब होत्या, आईनं त्या दोन बोटं आत दुमडून टाके घातले. अडीच वर्षं मी तोच घालून उभी राहिले. त्यांच्या नावानं पदक ठेवावं असं मनात होतं, कॉलेजही आनंदानं ठेवेल. पण मी पहिल्या दहांतही नव्हते. सरांनी ज्यांना ज्यांना असा हात दिला, त्यांच्यातल्या एकालाही सरांच्या नावाचं पदक मिळालं नसतं. तेव्हापासून पदकावरून मन उडालं आहे.

पुस्तकांचंही पाहिलं. माझ्याकडे दोन कपाटं आहेत. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तेव्हा फौजदारीची निम्मी पुस्तकं विद्यार्थ्यांच्या रोजच्या उपयोगाची राहिली नाहीत, आणि निकाल आता सगळे ऑनलाइन शोधतात. ग्रंथालयाला अडगळ द्यायची नाही.

खरी गरज मला दिसते ती सनद मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात. सनदेच्या फीचं ओझं तरी सर्वोच्च न्यायालयानं २०२४ मध्ये हलकं केलं, ७५० रुपयांच्या वर घेता येत नाही. पुढे काय? त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियानं सीनियर वकिलानं हाताखालच्या ज्युनियरला शहरात महिना २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० द्यावेत अशी शिफारस केली. पण ती शिफारसच आहे. तालुक्याच्या कोर्टात काम करणाऱ्या कित्येक सीनियरांना तेवढं परवडत नाही, हे मी स्वतः सीनियर म्हणून सांगते. गेल्या वर्षी माझ्याकडे इंटर्नशिपला आलेली सत्तरीचीच एक मुलगी आता वेर्ण्याला एका कंपनीत कारकुनी करते.

ही मुलगी कशी होती ते सांगते. मामलेदार कचेरीच्या व्हरांड्यात एक आजी प्लास्टिकच्या पिशवीत कागद घेऊन बसल्या होत्या. त्यांना कुणी धड विचारत नव्हतं. ही त्यांच्याशेजारी जाऊन बसली. आजी म्हणाल्या, "बाये, घर आमचें, जमीन भाटकाराची." हिनं एक-चौदाचा (जमिनीच्या नोंदीचा) उतारा बाजूला ठेवला आणि आधी विचारलं, "आजी, घरपट्टी कुणाच्या नावानं भरता? विजेचं बिल कुणाच्या नावावर येतं?" मग पिशवीतल्या पावत्या जमिनीवर वर्षांप्रमाणे मांडल्या. १९७५ च्या मुंडकार कायद्यात राहतं घर सिद्ध करायला हेच तर लागतं. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं, तिच्या आजीच्या घराचीही तीच गोष्ट होती. अशी मुलगी वकिलीबाहेर गेली याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून ६ लाख पहिल्या वर्षाच्या मदतीसाठी द्यायचे असं मनाशी ठरवत आणलं आहे. आता अडचणी.

हिशोबाची पहिली. रक्कम ठेवीत ठेवून सात टक्के धरले तर वर्षाला ४२,००० व्याज येतं, म्हणजे एकाच मुलाला महिना ३,५००. त्यात बसभाडं आणि दुपारचं जेवण भागेल, घरी काही देता येणार नाही. उलट मूळ रक्कमच वापरली तर महिना ५,००० प्रमाणे दहा जणांचं एकेक वर्ष निघतं आणि मग निधी संपतो. कॉलेजच्या मंडळींचा कल कायम ठेवीकडे असतो. माझं मन दुसरीकडे ओढतं, कारण ज्यांना आज गरज आहे ते समोर दिसताहेत. असे निधी ज्यांनी चालवले आहेत त्यांचा अनुभव काय?

दुसरी अडचण निवडीची. गुणांवर निवडलं तर पुन्हा पदकच झालं. उत्पन्नाचा दाखला मागितला तर तरणीताठी मुलं-मुली गरिबी सिद्ध करत फिरणार, आणि ते मला नको. मी निवडलं तर माझ्या ऑफिसला फुकटचे ज्युनियर मिळवते असं कुणालाही वाटेल. तेवढं टाळायला एक अट मी आधीच घातली आहे, मदत घेणाऱ्यानं माझ्या ऑफिसात काम करायचं नाही.

देणगीवरच्या करसवलतीसाठी मी अडून बसलेली नाही. नव्या करप्रणालीत तसंही ती मिळत नाही.

आता शनिवारच्या दुपारीबद्दल. वकिलानं दिवसाला तीन तासांपर्यंत कायदा शिकवायला १९७९ च्या नियमांनुसार मुभा आहे, त्यामुळे तो प्रश्न नाही. शिकवायचं आहे ते इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी करून वारसांत वाटणी करण्याचं काम. वकिलीच्या पहिल्या वर्षी एका विधवा बाईंच्या प्रकरणात मालमत्तेची यादी करताना मी सगळी मालमत्ता मयताची धरून मुलांत वाटून टाकली. न्यायाधीशांनी भर कोर्टात विचारलं, "बाईंचा अर्धा हिस्सा कुठे गेला?" गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक होते. नवरा गेला तरी अर्ध्याची मालकीण बायको असतेच, वारसांची वाटणी उरलेल्या अर्ध्याची. हे मी परीक्षेत लिहून आले होते, पण यादी कधी हातानं केलेली नव्हती. त्या बाई माझ्यामागच्या बाकावर बसल्या होत्या. मागे वळून बघायची हिंमत झाली नाही. २०१२ चा वारसाहक्काचा कायदा आता इंग्रजीत हाताशी आहे, पण जुने दस्त पोर्तुगीजमध्येच आहेत, आणि ते वाचणारी पिढी संपत चालली आहे. मूळ दस्तांच्या प्रती समोर ठेवून, मुलांकडून याद्या करून घ्यायच्या असं मनात आहे. हे कॉलेजच्या वेळापत्रकात बसवावं की बाहेर? हजेरीचे गुण नसतील तर मुलं येतील का?

(दोन दिवसांनंतरची भर) सगळ्यांचे आभार. एकांनी सुचवलं की दस्तांचा वर्ग आणि निधी जोडून टाका : जो वर्षभर शनिवारी येतो आणि नंतर तालुक्याच्या कोर्टातच वकिली करणार आहे, त्यानं अर्ज करावा, दाखला नको, निवड कॉलेजचे एक शिक्षक आणि माझ्याशी संबंध नसलेले दोन वकील करतील. हे मला मनापासून पटलं. गुण नकोत, गरिबीचं प्रदर्शन नको, आणि मुलगा टिकतो की नाही हे वर्षभरात कळतंच.

दुसऱ्या एका ताईंनी विचारलं की कॉलेजचं कायदा साहाय्य केंद्र सत्तरीत का नेत नाही. नेता येईल. शनिवारी कचेऱ्या बंद, पण पंचायतीचा हॉल मिळू शकतो. मला काळजी एवढीच की तिथे आलेले लोक उद्या माझे पक्षकार झाले तर ते काम मिळवणं ठरेल, आणि आपल्याला त्याची मनाई आहे. म्हणून तिथलं एकही प्रकरण माझ्याकडे येणार नाही असं लिहून देते. बायकांना उत्पन्न कितीही असलं तरी १९८७ च्या कायद्यानं मोफत वकील मिळतो, तेव्हा आजींसारख्यांना थेट जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे पाठवता येईल.

ठेव की खर्च, हा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. सोमवारी प्राचार्यांना भेटायचं आहे. कुणी असा निधी मूळ रकमेतून चालवून संपवला असेल, तर कॉलेजशी करार करताना कुठली कलमं घातली ते कृपया त्याआधी सांगा. कराराचा मसुदा मी रविवारी रात्री लिहायला बसणार आहे.