प्रामाणिक, अस्सल की खरं?

प्रश्न : मानसशास्त्रातल्या 'ऑथेंटिसिटी'ला, म्हणजे आपण स्वतःशी खरे आहोत या भावनेला, 'प्रामाणिकपणा' म्हटलेलं चालेल का? माणूस आणि जागा, दोन्हींसाठी एकच शब्द हवा आहे.

उत्तर : 'प्रामाणिकपणा' नको. तो व्यवहारातला गुण आहे: खोटं न बोलणं, पैन्‌पैचा हिशेब देणं. हे सगळं पाळणारा माणूसही आतून उपरा असू शकतो. बैठकीत साहेबांच्या विनोदावर सगळ्यांबरोबर हसायचं आणि बाहेर आल्यावर गाल दुखतायत हे कळायचं. त्याने कुणाला फसवलेलं नसतं, पण तो स्वतः त्या हसण्यात नसतो. मानसशास्त्रज्ञ ॲलेक्स वुड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये स्वतःशी खरं असण्याच्या भावनेसाठी मोजपट्टी तयार केली. तिच्यात तीन गोष्टी पाहतात: माणूस स्वतःला किती परका झालाय, मनाला पटेल तसं किती जगतो आणि दुसऱ्यांच्या म्हणण्यापुढे किती झुकतो. यात प्रामाणिकपणाचा प्रश्न येतच नाही.

'अस्सल' हा शब्द मुळात वस्तूचा. अस्सल कागद आणि त्याची नक्कल, ही जोडी कचेरीच्या दप्तरातली. अस्सलपणा बाहेरून तपासता येतो, म्हणून जागेला तो शोभतो. पण नव्या टेबलाच्या कडा पॉलिशपेपरने घासून, मुद्दाम ओरखडे काढून 'जुनं' वातावरण उभं करतातच की! समाजशास्त्रज्ञ डीन मॅककॅनेल यांनी १९७३ मध्ये पर्यटनातल्या अशा मांडलेल्या अस्सलपणावर लिहिलं. पाहुण्याला पडद्यामागचं दाखवतोय असं भासवायचं, आणि ते पडद्यामागचंही सजवलेलंच. पर्यटनाचे अभ्यासक निंग वांग यांनी १९९९ मध्ये पुढचा मुद्दा मांडला, आणि मला तो फार मोलाचा वाटतो: जागा अस्सल नसली, तरी तिथे माणसाला स्वतःशी खरं असल्यासारखं वाटू शकतं. जागेचा अस्सलपणा आणि माणसाची ही भावना वेगळ्या आहेत. एकच शब्द वापरला तर हा भेद पुसला जाईल.

प्रश्न : मग माणसासाठी 'स्वभावानुरूप वागणं' म्हणू?

उत्तर : तेही नेमकं नाही. मानसशास्त्रज्ञ फ्लीसन आणि विल्ट यांच्या २०१० च्या अभ्यासात एरवी अबोल असणाऱ्यांनाही मोकळं, बोलकं वागताना जास्त खरं वाटलं. 'स्वत्व' म्हटलं की अस्मिता आठवते, 'आपलेपणा' म्हटलं की जिव्हाळा. बोलताना आपण 'इथे मला माझ्यासारखं वाटतं' असं सहज म्हणतो. लेखात नाम हवंच असेल तर माणसासाठी 'खरेपणाची जाणीव' लिहा, जागेसाठी 'अस्सलपणा'. 'जाणीव' मात्र गाळू नका, कारण मोजली जाते ती जाणीवच.