अनुभव धागा : फोन बदलला, संवादांचे काय झाले?

गेल्या वर्षी मी जुना फोन देऊन नवा घेतला आणि त्या व्यवहारात आईचे व्हॉट्सअ‍ॅपवरचे व्हॉइस मेसेज गमावले. तिला टाइप करायचा कंटाळा असे, त्यामुळे ती नेहमी बोलूनच संदेश पाठवी. पोहोचलास का, औषध घेतलेस का, इतकेच त्यात असे. ती गेल्यानंतर दोन वर्षे मी ते ऐकत होतो. रोज रात्री क्लाउडवर बॅकअप होत असल्याचे फोन मला सांगत होता आणि ते खरेही होते. मात्र जुन्या आणि नव्या फोनच्या कार्यप्रणाली वेगळ्या होत्या, आणि एका प्रणालीवर घेतलेला क्लाउड बॅकअप दुसरीवर उतरवता येत नाही, हे मला नवा फोन हातात आल्यावर कळले. दोन्ही फोन जवळ ठेवून संवाद थेट एकातून दुसऱ्यात नेण्याची सोय होती, पण त्यासाठी नवा फोन कोरा असावा लागतो आणि जुना हाताशी असावा लागतो. माझा जुना फोन तोवर पुसून परत गेला होता. त्याच प्रणालीचा एखादा उसना फोन घेऊन, माझ्याच नंबरने तो बॅकअप त्यावर उतरवता आला असता, हे एका सहकाऱ्याने सांगितले तेव्हा जागा मोकळी करण्याच्या भरात मी तो बॅकअपही काढून टाकलेला होता.

तुमच्या फोनमधले संवाद कसे टिकले, कसे गेले किंवा तुम्ही ते जाणूनबुजून का पुसले, हे सविस्तर लिहावे अशी विनंती आहे. कोणत्या टप्प्यावर काय करायला हवे होते, हेही लिहिलेत तर इतरांच्या उपयोगी पडेल.

* * *

माझा अनुभव एसएमएसच्या काळातला आहे. त्या फोनमध्ये आणि सिमकार्डावर मोजकेच संदेश मावत, पेटी भरली की नवा संदेश आत येत नसे, आणि म्हणून प्रत्येक वेळी कोणता पुसायचा हे ठरवावे लागे. आमचे लग्न ठरल्यानंतरच्या आठ महिन्यांत आम्ही दोघांनी एकमेकांना पाठवलेले संदेश मी पुसण्यापूर्वी एका वहीत तारीख आणि वेळ घालून उतरवून ठेवत असे. त्यानंतर माझे सहा फोन झाले. त्या काळातले आज जे काही शिल्लक आहे ते त्या वहीतच आहे.

वही वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीचे सगळे संदेश रोमन अक्षरांतल्या मराठीत आहेत आणि देवनागरी आली तेव्हा वाक्ये एकदम आखूड झाली आहेत. पहिला एसएमएस ३ डिसेंबर १९९२ रोजी पाठवला गेला, आणि त्याची मर्यादा १६० अक्षरांची, हे आपल्याला ठाऊक असते. पण ती मर्यादा मुळात १४० बाइटची, म्हणजे ११२० बिटची आहे. इंग्रजी अक्षराला सात बिट पुरतात म्हणून तिथे १६० अक्षरे बसतात, तर देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला सोळा बिट लागत असल्यामुळे जागा ७० चिन्हांपुरतीच उरते. त्यातही काना, मात्रा, वेलांटी आणि हलन्त वेगवेगळे मोजले जातात. ‘स्त्री’ हे आपल्या डोळ्यांना एक अक्षर दिसते, पण एसएमएसच्या हिशेबात ती सहा चिन्हे होतात. यजमान आजही संदेश लिहिताना ‘आहे’ गाळतात. ती सवय त्या ७० चिन्हांतून आली आहे असे मला मनापासून वाटते.

* * *

धागाकर्त्यांप्रमाणे माझाही बॅकअप होता, पण तो मलाच उघडता आला नाही. क्लाउडवरची प्रत कुलूपबंद करण्याचा पर्याय मी उत्साहाने निवडला, एक अवघड पासवर्ड ठरवला आणि तो कुठेही लिहून ठेवला नाही. दीड वर्षाने फोन पाण्यात पडला. नव्या फोनवर बॅकअप दिसत होता, त्याचा आकार आणि तारीख दिसत होती, आणि माझा एकही अंदाज बरोबर येत नव्हता. ‘पासवर्ड विसरलात का’ ही सोय तिथे नव्हती आणि ती नसणेच योग्य आहे, कारण सेवा चालवणाऱ्यांकडेही ती किल्ली नसते, हाच त्या कुलपाचा अर्थ आहे. माझी तक्रार फक्त माझ्या निष्काळजीपणाबद्दल आहे.

या निमित्ताने मी विषय नीट समजून घेतला. व्हॉट्सअ‍ॅपने एप्रिल २०१६ मध्ये सर्व संवादांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन लागू केले, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा यांच्याखेरीज मधल्या कोणालाही मजकूर वाचता येत नाही. मात्र क्लाउडवर जाणारी प्रत या संरक्षणाबाहेर होती. ती आत घेण्याचा पर्याय २०२१ मध्ये आला. त्यासाठी स्वतःचा पासवर्ड ठेवायचा किंवा ६४ अंकी किल्ली सांभाळायची असते, आणि २०२५ मध्ये फोनचे कुलूप, बोटाचा ठसा किंवा चेहरा वापरून पासकीने हेच करण्याची सोय जाहीर झाली. टेलिग्रामची रचना याहून वेगळी आहे. तिथले नेहमीचे संवाद त्यांच्या सर्व्हरवरच असतात, त्यामुळे फोन हरवला तरी नव्या फोनवर ते जसेच्या तसे दिसतात. पण त्याच कारणाने त्यांना एंड-टू-एंड एन्क्रिप्शन नसते. ते फक्त ‘गुप्त संवादां’ना मिळते, आणि ते ज्या फोनवर सुरू झाले त्याच फोनवर राहतात. संवाद सहज परत मिळावा आणि तो दुसऱ्या कोणालाच वाचता येऊ नये, या दोन्ही इच्छा एकाच वेळी पूर्ण करायच्या तर किल्ली सांभाळण्याचे काम आपल्यालाच करावे लागते. मी आता ती कागदावर लिहून घरातल्या महत्त्वाच्या दस्तऐवजांबरोबर ठेवली आहे आणि पत्नीला जागा सांगितली आहे.

* * *

मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आतापर्यंतच्या लेखनात संवाद टिकलाच पाहिजे असे गृहीत धरले आहे. मी समुपदेशनाचे काम करते. भेटीची वेळ ठरवण्यासाठी दिलेल्या नंबरवर लोक मध्यरात्री अतिशय खाजगी गोष्टी लिहून पाठवतात. त्या माझ्या फोनमध्ये, माझ्या बॅकअपमध्ये आणि पुढे कधीतरी दुरुस्तीला दिलेल्या फोनमध्ये पडून राहणे मला अनैतिक वाटते. त्यामुळे प्रत्येक नव्या संवादात मी आपोआप पुसले जाणारे संदेश सुरू करते आणि तसे समोरच्याला पहिल्याच ओळीत कळवते. सिग्नल या अ‍ॅपमध्ये ही सोय २०१६ पासून होती, व्हॉट्सअ‍ॅपमध्ये ती नोव्हेंबर २०२० मध्ये सात दिवसांच्या मुदतीने आली आणि पुढच्या वर्षी २४ तास व ९० दिवस हे पर्याय मिळाले.

या सोयीवर पूर्ण भिस्त ठेवता येत नाही, कारण समोरची व्यक्ती स्क्रीनशॉट घेऊ शकते किंवा मजकूर उतरवून ठेवू शकते. तरीही एका तरुणाने मला सांगितले की सात दिवसांनी हे राहणार नाही, हे माहीत असल्यामुळेच तो पहिल्यांदा खरे लिहू शकला. ज्यांनी गमावले आहे त्यांचे दुःख मला समजते. फक्त पुसून टाकण्यालाही त्याचे स्थान आहे, एवढे या धाग्यात नोंदले जावे असे वाटले.

* * *

वडील गेल्यावर त्यांचा नंबर आम्ही चालू ठेवला नाही. खर्च वाचवावा हा हेतू नव्हता, कोणाला सुचलेच नाही. साधारण वर्षभराने त्यांच्या नावासमोर एका अनोळखी तरुणाचा फोटो दिसला. बंद पडलेले नंबर काही काळाने नव्या ग्राहकांना दिले जातात ही साधी गोष्ट मला त्या क्षणापर्यंत माहीत नव्हती. माझ्या फोनमध्ये त्या तरुणाच्या फोटोखाली बाबांचे शेवटचे शब्द होते. त्याचा काहीच दोष नव्हता, तरीही मी कितीतरी वेळ फोन हातात घेऊन बसून होते.

याची दुसरी, व्यावहारिक बाजू भावाने लक्षात आणून दिली. अनेक सेवांची खाती मोबाइल नंबरलाच बांधलेली असतात, आणि ज्याच्याकडे नंबर त्याच्याकडे पडताळणीचा कोड जातो. बाबांच्या ईमेलला तोच नंबर जोडलेला होता. तो आम्ही घाईने बदलला. व्हॉट्सअ‍ॅपवर वापराविना राहिलेले खाते साधारणपणे १२० दिवसांनी काढून टाकले जाते, पण इतर सेवांचे नियम निरनिराळे आहेत. घरातली व्यक्ती गेल्यावर नंबर सोडण्यापूर्वी तो कुठे कुठे जोडला आहे याची यादी करावी. आईचा नंबर आम्ही आता माझ्या नावावर सुरू ठेवणार आहोत.

* * *

थोडक्यात लिहितो. परदेशी गेलेल्या मित्राशी माझा बारा वर्षांचा संवाद स्काइपवर होता. ती सेवा ५ मे २०२५ रोजी बंद होणार असल्याचे आधी जाहीर झाल्यामुळे मी सगळा मजकूर उतरवून घेतला. तो संगणकाला वाचता येईल अशा रचनेतल्या एका मोठ्या फाइलमध्ये मिळाला. मुलीने त्यातली वाक्ये तारीखवार वेगळी करून दिली. सेवा बंद होतात. ब्लॅकबेरी मेसेंजर ३१ मे २०१९ रोजी सर्वसामान्य ग्राहकांसाठी बंद झाला, आयसीक्यू ही गप्पांची जुनी सेवा जून २०२४ मध्ये संपली. बातमी वाचली की त्याच आठवड्यात प्रत काढून घ्यावी.

* * *

धागाकर्त्यांना एक विचारायचे आहे. तुमच्या आई घरच्या एखाद्या ग्रुपमध्ये होत्या का? ग्रुपमध्ये पाठवलेला संदेश प्रत्येक सदस्याच्या फोनवर स्वतंत्रपणे पोहोचतो, त्यामुळे तुमच्या फोनमधून नाहीसा झालेला संदेश भावाच्या किंवा बहिणीच्या फोनमध्ये असू शकतो, फक्त त्यांनी तो उतरवून घेतलेला आणि न पुसलेला असायला हवा. आजीच्या बाबतीत आम्हाला तिचा आवाज असाच एका आतेभावाकडे सापडला, कारण त्याने सात वर्षे फोन बदललेला नव्हता. तुमच्या भावंडांना, त्यांनी फोन बदलण्याआधी विचारा.

* * *

धागाकर्ता : वरचा प्रश्न वाचून मी त्याच रात्री ताईला फोन केला. आमचा तिघांचा ग्रुप होता, आई, ताई आणि मी. ताईने त्या ग्रुपमधले संदेश कधीच पुसले नव्हते. काल तिने चौदा व्हॉइस मेसेज मला ईमेलने पाठवले. प्रत्येक फाइलच्या नावातच तारीख आहे, म्हणून ते क्रमाने लावता आले. माझ्या एकट्यासाठी पाठवलेले संदेश त्यात अर्थातच नाहीत. सर्वांत लांब संदेश दोन मिनिटे दहा सेकंदांचा आहे. त्यात ताई आणि मी कशावरून तरी भांडलेलो आहोत आणि आई आम्हा दोघांनाही एकाच दमात रागावते आहे. मी त्याच्या तीन प्रती केल्या आहेत, त्यांपैकी एक ताईकडे आहे.