फेसच्या जुन्या शहरात गाइडसोबत चाललात? अनुभव लिहा

उंबरा

मंडळी, नोव्हेंबरात मोरोक्कोला जाऊन आले. फेस शहराचा जुना भाग, म्हणजे फेस अल-बाली, आम्ही दोघांपुरता गाइड घेऊन एक दिवस पायी पाहिला. आल्यापासून ओळखीतल्या चार जणांनी विचारलं, गाइड घ्यायलाच हवा का, फोनवर नकाशा असतो की. चौघांना मी चार वेगळी उत्तरं दिली. म्हणून हा धागा. गाइड घेतला असेल, नसेल, फसला असाल, सगळं लिहा. 'मस्त झाली ट्रिप' एवढ्यावर सुटू नका.

माझं आधी सांगते. सकाळी नऊला बाब बू जलूद या दरवाजापाशी भेटायचं ठरलं होतं. दरवाजा बाहेरून निळा, आतून हिरवा. मी तो हजारेक वर्षांचा समजून फोटो काढत सुटले. गाइड शांतपणे म्हणाला, हा १९१३ चा, फ्रेंच आल्यानंतरचा. जुना दरवाजा शेजारीच उभा आहे, त्याच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही.

साठीचा माणूस, अंगात जेलाबा (टोपीवाला लांब झगा), गळ्यात सरकारी बिल्ला. त्याने पहिला प्रश्न विचारला, "खरेदी करायचीय की बघायचंय?" आम्ही म्हटलं, बघायचंय. "मग चहा मी पाजतो," म्हणाला. त्या दिवशी आम्ही एकाही दुकानात टेकलो नाही. माझ्या मते सगळा दिवस त्या एका प्रश्नावर ठरला, आणि गाइडने विचारला नाही तर तो आपणच काढावा.

तला कबीरा ही उताराची मोठी गल्ली. वरच्या टोकाला बू इनानिया मदरसा, चौदाव्या शतकातला. त्याच्यासमोर भिंतीत पाणघड्याळ आहे. खिडक्यांची रांग, खाली लाकडी आधार. ते नेमकं कसं चालायचं हे आज कुणालाच माहीत नाही. आमचा गाइड तिथे पाच मिनिटं गप्प उभा राहिला. मला वाटलं काही सांगेल. शेवटी म्हणाला, "माझे वडीलही मला इथे आणून असेच उभे राहायचे."

सगळ्यात जास्त काय आठवत असेल तर रसीफ चौकाजवळचा पूल. नदीचा बराच भाग आता झाकलेला आहे. पुलावर उभं राहून तो म्हणाला, इकडच्या काठावर ट्युनिशियातल्या कैरवानहून आलेली माणसं, तिकडच्या काठावर ८१८ साली कोर्डोबातून हाकललेली. दोन वेगळी गावं, दोन वेगळे तट. अकराव्या शतकात अल्मोरावीद राजघराण्याने मधल्या भिंती पाडून एक शहर केलं. मी विचारलं, मग तुम्ही कुठल्या काठाचे? हसून म्हणाला, बायको त्या काठाची आहे, म्हणून ते इथे बोलत नाही.

येवल्याची

उंबरा, तुझा गाइड देवमाणूस. आमचा पण सरकारी बिल्ल्याचाच होता, पण पहिल्या तासाभरात आम्ही गालिच्यांच्या दुकानात होतो. पुदिन्याचा चहा, मऊ गाद्या, आणि एकामागून एक वीस-बावीस गालिचे पायाशी उलगडले. नवरा विरघळला. मी नाही. पण 'एवढी मेहनत घेतली बिचाऱ्यांनी' म्हणत एक छोटा घेऊनच बाहेर पडलो.

खरी गंमत पुढे. दुसऱ्या दुकानात ओढण्या. 'सब्रा, निवडुंगाचं रेशीम' म्हणून सांगत होते. आता मी येवल्याची. पैठणी विणणाऱ्या घरात वाढले, रेशीम हाताला कळतं. हे गुळगुळीत होतं, चमकत होतं, पण हाताला थंड आणि पडणारं. काठाचा एक धागा काढला आणि म्हटलं, लायटर आहे का? दुकानदार माझ्याकडे बघतच राहिला. धागा जाळला तर वास जळक्या कागदाचा. रेशमाला केस जळल्यासारखा येतो. हा रेयॉन. दुकानदार रागावला नाही, उलट जोरात हसला आणि अर्धी किंमत सांगितली! घेतल्या दोन. रंग सुंदर होते, त्याला काय करणार.

नंतर गाइडला सरळ विचारलं, तुला इथे किती टक्के मिळतात? आधी 'काही नाही', मग जेवताना हळूच कबूल झाला. म्हणाला, अर्ध्या दिवसाच्या ४०० दिरहममध्ये घर चालत नाही, बाई. तेही खरं असेल. पण मग आधी सांग ना, आम्ही शंभर जास्त देतो. पुन्हा गेले तर ठरवतानाच असं बोलणार.

एकटा बोका

मी गाइड घेतला नव्हता आणि पुन्हाही घेणार नाही. म्हणून माझा अनुभव विरोधी बाकावरचा समजा.

युनेस्कोच्या यादीत १९८१ पासून असलेल्या शहरात नऊ हजारांवर गल्ल्या आहेत म्हणतात. मी मोजल्या नाहीत, पण त्यातल्या बऱ्याच माझ्यासमोर बंद झाल्या. फोनवरचा निळा ठिपका भिंतीतून जायला लागला की फोन खिशात ठेवायचा. 'रस्ता बंद आहे, इकडून या' म्हणणारी पोरं भेटतात. रस्ता बंद नसतो. मी पहिल्या दिवशी भाबडेपणाने मागे गेलो, थेट कातडी कमावायच्या कुंडांवरच्या गच्चीत पोचलो, आणि मग पोराने शंभर दिरहम मागितले. वीस दिले, शिव्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवसापासून 'ला, शुक्रन' (नको, धन्यवाद) आणि चालत राहायचं.

एक युक्ती मात्र गाइडशिवाय कळली. उतार लागला की आपण नदीकडे, रसीफकडे चाललोय. चढ लागला की बू जलूदकडे. बाकी सगळं हरवणं. 'बालाक!' ऐकू आलं की भिंतीला चिकटायचं, मागून गाढव येतं आणि गाढवाला ब्रेक नसतात. एकदा त्याच्या पाठीवर गॅस सिलिंडर होते, एकदा ओली कातडी. ओल्या कातड्यांनी शर्ट गेला.

तांब्याभांडं

बोकोबा, हरवण्याची मजा मान्य. पण मला जे मिळालं ते गाइडशिवाय मिळालं नसतं.

आजोबा पुण्याच्या तांबट आळीत ठोके घालायचे. आमच्या पिढीत कुणी केलं नाही, मी संगणकावर. फेसमध्ये करवीयीन मशिदीच्या ग्रंथालयाबाहेर सफ्फारीन नावाचा छोटा चौक आहे. सफ्फारीन म्हणजे तांबट. (आणि अत्तारीन म्हणजे अत्तरवाले. हे कळल्यावर मी दिवसभर पाट्या वाचत फिरलो. बिलाला तिकडे 'ल-हसाब' म्हणतात. जेवणानंतर 'हिशेब' म्हटलं तरी चालून गेलं.) चौकात शिरायच्या आधीच आवाज आला. दोन गल्ल्या अलीकडे. मी थांबलो. बायको म्हणाली, काय झालं? कसं सांगू, तो ताल माझ्या आजोळच्या दुपारचा होता.

गाइडला मोडक्या फ्रेंचमध्ये सांगितलं, माझे आजोबा हेच करायचे. तो एका म्हाताऱ्या कारागिराशी दारिजात, म्हणजे तिकडच्या बोली अरबीत, बोलला, आणि त्या माणसाने बाजूला सरकून मला जागा दिली. हातोडा माझ्या हातात. आमच्याकडे मठारकाम म्हणतात, एकाशेजारी एक ठोके घालून भांड्याला खळ्या आणि ताकद आणायची. माझे पहिले पाच ठोके वाकडे. सहावा बरा. म्हातारा काहीतरी म्हणाला. गाइडने सांगितलं, "म्हणतोय, रक्तात आहे पण हातात नाही."

मागे प्रचंड तांब्याच्या हंड्या रचलेल्या. लग्नाला भाड्याने नेतात. आतून कल्हई. मी बोट फिरवून बघितलं. अगदी आपली.

पैसे घेतले नाहीत त्याने. मी छोटं भांडं विकत घेतलं, त्यात आता किल्ल्या टाकतो.

गुडघेदुखी

आई ७२ वर्षांची, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. सगळ्यांनी घाबरवलं होतं. ज्यांच्या घरी वयस्कर माणसं आहेत त्यांच्यासाठी लिहिते, की खासगी गाइड हा आमच्यासाठी चैनीचा भाग नव्हता.

त्याला आधीच कळवलं होतं. त्याने सगळा रस्ता उताराचा ठेवला, बू जलूदपासून खाली, आणि शेवट रसीफ चौकात, जिथे लाल पेटिट टॅक्सी मिळते. चढ एकही नाही. चाकाची खुर्ची मात्र विसरा, पायऱ्या आणि गुळगुळीत दगड. पाऊस पडला असेल तर जाऊच नका. दर वीस मिनिटांनी तो कुणाच्या तरी दुकानातून स्टूल काढायचा आणि आईला बसवायचा, 'ल्हाज्जा' म्हणत. आईने विचारलं, हे काय म्हणतो? हज करून आलेल्या बाईला म्हणतात, आणि वयस्कर बाईला मानानेही. आई म्हणाली, काशी झालीये माझी, तेवढं सांग त्याला.

प्रत्येक मोहल्ल्यात पाच गोष्टी, असं त्याने सांगितलं: मशीद, कारंजं, हमाम, भट्टी, मुलांची शाळा. पैकी भट्टीपाशी आमचा तास गेला. घरोघरची मुलं फळीवर पीठ घेऊन येतात, भट्टीवाला भाजून देतो. इतक्या सारख्या दिसणाऱ्या पावांतला कुणाचा कोणता, हे त्याला बरोबर कळतं. आई मराठीत, तो दारिजात. 'अरे, कडेला करपला बघ,' असं आईने बोटाने दाखवलं, तर त्याने लांब फळी आत घालून खरंच तो पाव फिरवला. मग आईला एक गरम पाव मिळाला. तिने पर्समधल्या मिरचीच्या लोणच्यासोबत खाल्ला. भट्टीवाल्यालाही दिलं. तो दोन ग्लास पाणी प्यायला.

शाकाहारी मंडळींसाठी: बिस्सारा शोधा. वाळलेल्या बाकला शेंगांच्या दाण्यांचं पातळ पिठलं, वरून ऑलिव्हचं तेल आणि जिरं. मसेमन म्हणजे चौकोनी घडीची पोळी. बगरीर आंबोळीसारखं, सगळं जाळीदार. आई तीन दिवस सुखात होती.

चहात पुदिना

मी शुक्रवारी गेले, दुसरा दिवसच नव्हता. दुपारी बहुतेक दुकानं बंद. गाइडने आधीच सांगितलं होतं, तुमचे निम्मे पैसे वाया जातील. उलट झालं. बंद फळ्यांमुळे गल्ल्या पहिल्यांदा दिसल्या. बाहेरून सगळी घरं कोऱ्या भिंतींची, रस्त्याकडे खिडकी जवळपास नाहीच. सगळं आतल्या चौकाकडे. आपल्या वाड्यासारखंच की. मोठ्या दारांवर दोन कड्या, एक वर, एक खाली. गाइडच्या म्हणण्याप्रमाणे घरच्यांसाठी एक, परक्यांसाठी दुसरी, आवाजावरून आतल्या बाईला कळायचं.

आणि टेकू. दोन घरांच्या मध्ये लाकडी टेकू लावलेत, नाहीतर भिंती एकमेकींवर कलतील. एका ठिकाणी तर आम्ही टेकूंच्या रांगेखालून वाकून गेलो. फोटोंत हे कुणी दाखवत नाही.

कातडी कमावायची कुंडं (शुवारा) शुक्रवारी शांत होती, म्हणून वासही कमी. वरून पुदिन्याची काडी देतात नाकाला. चुना, आणि कबुतराची विष्ठा. तिच्यातल्या अमोनियाने कातडं मऊ होतं. नंतर दुसऱ्या कुणाच्या तरी फोटोत माणसं मांडीपर्यंत त्या पाण्यात उभी दिसली, आणि काडी हातात घेऊन गच्चीत उभी राहिलेली मी आठवून जरा कसंसंच झालं.

रत्नागिरीची

सगळे वाचतेय दोन दिवस. माझं थोडं वेगळं आहे, म्हणून लिहायचं की नाही ठरत नव्हतं.

मी आणि माझी कॉलेजची मैत्रीण, दोघी. ती कोल्हापूरची, देशपांडे घरातली. मी कोकणी मुसलमान. करवीयीन मशिदीच्या दारात गाइड थांबला आणि तिला म्हणाला, तुम्हाला इथून बघता येईल. बिगरमुस्लिमांना आत सोडत नाहीत. मला म्हणाला, तुम्ही जा. आम्ही एकमेकींकडे बघितलं. गेले दहा दिवस आम्ही एकाच खोलीत झोपलो, एकाच ताटात जेवलो. ती म्हणाली, "जा गं, आणि सगळं नीट बघून ये. मला सांगायचंय."

म्हणून मी बघून आले, तिच्यासाठी. ही मशीद ८५९ साली फातिमा अल-फिहरी नावाच्या बाईने वारशाच्या पैशांतून बांधली असं मानतात. कैरवानहून आलेल्या घरातली मुलगी. अंगणात दोन टोकांना छोटे मंडप, मध्ये पाणी. आत कमानीमागे कमानी, पांढऱ्या, आणि खाली चटया. बायकांच्या भागात माझ्या शेजारी एक म्हातारी नमाज पढत होती, हात बांधायच्या ऐवजी सोडून. इथले लोक मालिकी पंथाचे, आम्ही शाफई, नमाजाची रीत थोडी वेगळी. मी लहान असताना अम्मी कुणाला असं पढताना बघून चिडली असती. मला त्या क्षणी फक्त गार वाटलं, पाण्याच्या आवाजामुळे असेल.

बाहेर आले तर मैत्रीण दाराच्या चौकटीला टेकून उभी, गाइडकडून दारावरचं कोरीव काम समजून घेत होती. तिने मला शिकवलं ते, मी तिला आतलं. आमची बेरीज गाइडपेक्षा जास्त झाली असेल.

तिथून मौलाय इद्रीस या जुन्या राजाच्या मजारीकडे, इथले लोक त्याला संत मानतात. गल्लीत आडवा लाकडी दांडा आहे, पूर्वीपासून ओझ्याची जनावरं त्याच्या पुढे जात नाहीत. बाहेर मेणबत्त्या विकायला, भिंतीत तांब्याने मढवलेलं एक छिद्र, बायका त्यात हात घालून दुआ मागत होत्या. अगदी आमच्या गावच्या दर्ग्यासारखं. इथे दोघींनीही हात घातला. तिने काय मागितलं ते अजून सांगितलेलं नाही.

मजारीबाहेर नूगा नावाची सुकामेव्याची चिवट मिठाई विकतात, ती नक्की खा.

उंबरा

रत्नागिरीची, लिहिलंस ते फार बरं केलंस. आम्ही त्या गल्लीतून गेलो आणि दांडा बघून खाली वाकलो, पण तो कशासाठी आहे हे विचारायचं राहूनच गेलं. नूगा कुठल्या दुकानातून घेतलास? माझा भाऊ मार्चमध्ये जातोय.

रत्नागिरीची

पाटी नव्हती. गाइड म्हणाला, ज्याच्या नूग्यावर मधमाश्या जास्त, त्याच्याकडून घ्या. तीन गाड्या सोडून चौथ्यावर होत्या.