पार्लमेंटारिअम पाहून आलो: अशा प्रदर्शनातून कारभार कळतो का?

लूव्हनवासी

आईबाबा सध्या आमच्याकडे बेल्जियमला आले आहेत. मागच्या शनिवारी त्यांना ब्रसेल्सचं पार्लमेंटारिअम दाखवलं. युरोपीय संसदेचं हे अभ्यागत केंद्र, 2011 मध्ये सुरू झालेलं. तिकीट नाही, दारात फक्त सामानाची तपासणी. आत शिरताना फोनसारखं एक यंत्र हातात देतात. युरोपीय संघाच्या 24 अधिकृत भाषांपैकी हवी ती निवडायची आणि फिरत सुटायचं. आईबाबांसाठी मराठी मीच होतो.

बाबा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले. टिपणी, ठराव, मंजुरी यातच नोकरी गेली. मला वाटलं होतं, पंधरा मिनिटांत 'बसायला जागा आहे का' म्हणतील. पण अडीच तास हललेच नाहीत. एका दालनात जमिनीवर युरोपचा भलामोठा नकाशा आहे आणि त्यावर ढकलत न्यायचे डिजिटल पडदे. पडदा ज्या गावावर न्याल तिथली गोष्ट उघडते. आई त्यात रमली. बाबा मात्र कायदा कसा होतो त्या भागात उभे. प्रस्ताव युरोपीय आयोग, म्हणजे संघाचं कार्यकारी अंग, मांडतो. मग निवडून आलेली संसद आणि सदस्य देशांच्या मंत्र्यांची परिषद, दोघांनी दुरुस्त्या करून एकाच मजकुरावर यायचं. बाबांनी लगेच विचारलं, "म्हणजे निवडून आलेल्या सभासदाला स्वतःचं विधेयक मांडता येत नाही?" नाही येत. फार तर संसद आयोगाला प्रस्ताव आणायची विनंती करू शकते. मी नऊ वर्षं इथे राहतोय, पण हे मला धड माहीत नव्हतं.

दुसरा प्रश्न संसदेतल्या जागांचा. 720 पैकी जर्मनीला 96, माल्टाला 6. लोकसंख्येच्या हिशेबात माल्टाच्या मताचं वजन जर्मनीच्या कित्येक पट पडतं, आणि ते ठरवून ठेवलंय, लहान देश बुडू नये म्हणून. परतताना ट्रेनमध्ये बाबा आपल्या लोकसभेच्या मतदारसंघ पुनर्रचनेवर बोलत होते. राज्यांच्या वाट्याच्या जागा 1971 च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत, त्या सुटतील तेव्हा काय, यावर. एका फुकट प्रदर्शनाने एवढं केलं.

माझं म्हणणं सरळ आहे. मुंबईत विधान भवनाजवळ आणि प्रत्येक विभागीय ठिकाणी असं मोफत, हाताळता येणारं दालन हवं. तारांकित प्रश्न म्हणजे काय, लक्षवेधी कशी लागते, पुरवणी मागण्या कशासाठी, हे कुणी दाखवतच नाही.

तळटीप

मी ब्रसेल्समध्ये या कायद्यांचे मसुदे वाचण्याचंच काम करते, आणि माझा विरोध आहे. तुमच्या वडिलांचे प्रश्न उत्तम होते, पण ते प्रदर्शनाने दिले नाहीत, जिल्हा परिषदेने दिले. टिपणी कशी फिरते हे ज्याला ठाऊक, तोच 'प्रस्ताव कोण मांडतो' असं विचारतो. बाकीची माणसं पडदे ढकलतात आणि छान वाटलं म्हणून बाहेर पडतात.

संसद आणि परिषद मजकुरावर येतात म्हणजे नेमकं काय होतं? बहुतेक कायद्यांचा सौदा त्रिपक्षीय बैठकांत होतो. संसदेचे काही प्रतिनिधी, परिषदेचे आणि आयोगाचे. दार बंद. समोर चार रकान्यांचा कागद असतो. पहिल्यात आयोगाचा प्रस्ताव, दुसऱ्यात संसदेची भूमिका, तिसऱ्यात परिषदेची. चौथ्यात तडजोडीचा मजकूर, म्हणजे होऊ घातलेला कायदा. वाटाघाटी चालू असताना हा चौथा रकाना नागरिकांना दाखवायला संसद तयार नव्हती. तिच्याच एका माजी अधिकाऱ्याला त्यासाठी न्यायालयात जावं लागलं. मार्च 2018 मध्ये निकाल त्याच्या बाजूने लागला. म्हणजे जी संसद नागरिकाला दालनात हात धरून फिरवते, तीच चौथ्या रकान्यासाठी त्याच्याशी कोर्टात भांडते. डिसेंबर 2022 मध्ये बेल्जियन पोलिसांच्या छाप्यांत लाखो युरो रोख सापडले, संसदेच्या एका उपाध्यक्षांना अटक झाली. आरोप त्यांनी नाकारले आहेत, ते असो. पण लाच घेऊन परक्या देशाची बाजू मांडली जाऊ शकते का, ती कुठल्या फटीतून शिरते, हा कारभार समजण्याचा भाग नाही का?

संस्थेने स्वतःबद्दल, स्वतःच्या पैशाने मांडलेलं दालन म्हणजे जाहिरातच. फुकट आहे म्हणता, पण खर्च करदात्याचाच आहे. मुंबईत बांधलंत तर काय होईल ते डोळ्यांसमोर आणा: पहिल्या भिंतीवर त्या वेळच्या मंत्र्यांचे फोटो, आणि माहिती अधिकाराचा अर्ज कसा करायचा ते कुठेच नाही.

संत्रानगरी

आम्हा नागपूरकरांना दरवर्षी डिसेंबरात विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचं जिवंत प्रदर्शन असतं. यशवंत स्टेडियमवरून मोर्चे निघतात, मॉरिस कॉलेज टी-पॉइंटला अडवले जातात. मंत्री भेटायला आले तर आले, नाहीतर शिष्टमंडळ निवेदन घेऊन आत. माझी अर्धी राजकीय समज त्या चौकात तयार झाली. सरकार कशाला हलतं आणि कशाला नाही, ते तिथे दिसतं.

तुमच्या धाग्यावरून एक आठवलं. युरोपीय संसदेचंही असंच दोन घरांचं बिऱ्हाड आहे. करारानुसार वर्षातली बारा पूर्ण सत्रं स्ट्रासबुर्गला, समित्यांचं काम ब्रसेल्सला. 2014 मध्ये तिथल्या लेखापरीक्षकांनीच हिशेब मांडला होता की सगळं ब्रसेल्सला आणलं तर वर्षाला 11 कोटी 40 लाख युरो वाचतील. आमच्या अधिवेशनावरही हीच टीका होते. पण वर्षाला एक अधिवेशन इथे भरवायचं वचन देणाऱ्या 1953 च्या नागपूर कराराशिवाय विदर्भ या राज्यात असा आला नसता, आणि स्ट्रासबुर्ग ज्या अल्सासमध्ये आहे तो प्रदेश 1871 ते 1945 या काळात फ्रान्स आणि जर्मनीत चार वेळा इकडून तिकडे गेला. काही खर्च शब्द पाळण्याचा असतो. पार्लमेंटारिअममध्ये हा हिशेब आणि हा इतिहास शेजारी शेजारी मांडला असेल तर मी तळटीप यांच्या विरुद्ध मत देईन.

खडूफळा

मी सातारा जिल्ह्यात आठवी ते दहावीला शिकवते. तळटीप, तुमचं म्हणणं पटत असूनही मला ते दालन हवंच आहे. आमच्याकडे राज्यशास्त्र इतिहासाच्या पुस्तकाच्या शेवटी जोडलेलं असतं आणि वर्षाच्या शेवटी घाईत उरकलं जातं. मुलं 'राज्यपालांचे अधिकार लिहा' पाठ करतात. घराचा उतारा तलाठ्याकडे मिळेल की ग्रामपंचायतीत, हे मात्र त्यांना सांगता येत नाही. आधी पायरी तर हवी, मग चौथा रकाना. ज्या मुलीला पहिले तीन रकानेच माहीत नाहीत तिला चौथा लपवलाय हे कळणार कसं?

दिल्लीचं संसद संग्रहालय मी मुलांना दाखवलंय, 2006 मध्ये सुरू झालेलं. दांडी यात्रेत गांधीजींबरोबर पावलं टाकता येतात, मुलं हरखली. पण विधेयक कसं फिरतं यापेक्षा तिथे वारसाच जास्त दिसला. त्यामुळे सगळं संस्थेच्या हाती सोडायला नको, हे मान्य.

लूव्हनवासी, तिथे शाळांसाठी काही करतात का?

लूव्हनवासी

करतात. माध्यमिकच्या मुलांसाठी एक खेळ आहे. मुलं काल्पनिक पक्षांचे सभासद होतात, गटांत बसतात, बातमीदार आणि दबावगट त्यांच्याशी बोलतात, आणि शेवटी मसुद्यावर बहुमत जमवावं लागतं. त्यात स्वतःच्याच पक्षाला मुरड घालावी लागते. शेजाऱ्यांची मुलगी खेळून आली आणि दोन दिवस चिडलेली होती, कारण तिचं सर्वात आवडतं कलम तडजोडीत गेलं. तळटीप, ती चीड म्हणजे तुमचा चौथा रकानाच. तिला तो हातानं लिहावा लागला.

भ्रष्टाचाराबद्दलचं तुमचं बोलणं मला टोचलं, आणि ते बरोबर आहे. मला त्याबद्दल तिथे काही दिसलं नाही. संत्रानगरी, स्ट्रासबुर्गच्या खर्चाचा आकडाही दिसला नाही. हे मी सुरुवातीलाच लिहायला हवं होतं.

तळटीप

खेळाबद्दल माघार घेते, दालनाबद्दल नाही. खेळात मूल निर्णय घेतं, दालनात फक्त बटण दाबतं. हा फरक मला फार मोठा वाटतो. आणि खेळायला इमारत लागत नाही. संसदेच्या समित्यांच्या बैठका बहुतेक खुल्या असतात, थेट प्रक्षेपितही होतात. वडिलांना एक दिवस तिथे बसवा. मत्स्यव्यवसाय समिती घ्या, कंटाळवाणी वाटेल, पण कोट्यासाठी कोण कुणाच्या बाजूने बोलतंय ते त्यांना तुमच्याआधी कळेल.

खडूफळा

इमारत लागत नाही, हे वाक्य मी उचलते. 2 ऑक्टोबरला आमच्या गावची ग्रामसभा आहे. सरपंचांना विचारलं, नववीची मुलं मागे बसून ऐकतील म्हटलं. प्रत्येकीच्या वहीत चार रकाने आखायचे: विषय कोणी मांडला, विरोध कोणी केला, ग्रामसेवक काय म्हणाले, ठरावात काय लिहिलं. ठरावाची नक्कल नंतर मागून घेऊ आणि चौथा रकाना ताडून पाहू. सरपंच म्हणाले, बसू द्या, पण नक्कल कशाला?

लूव्हनवासी

बाबांना वाचून दाखवलं. ते म्हणतात, नकलेसाठी तोंडी मागू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. अर्जाचा नमुना ते रात्री लिहून देणार आहेत, इथे टाकतो. मत्स्यव्यवसाय समितीची तारीखही बघतोय.